मांजरीची सर्दी, खाणं बंद – पावसात घरच्या घरी काय करता येईल?

खाडीकाठ (गुहागर तालुका)

मांजरी दोन वर्षांची आहे. गेल्या महिन्यात वजन ३.२ किलो भरलं होतं. लस कुठलीच दिलेली नाही. परवापासून सारखी शिंकते. पहिल्या दिवशी नाकातून नुसतं पाणी होतं, आज सकाळपासून घट्ट पिवळा शेंबूड आणि नाकपुड्यांवर खपल्या. डावा डोळा चिकटतो, अर्धवट मिटून ठेवते. काल सकाळी उकडलेल्या मुडदुशीचे दोन घास खाल्ले, तेवढेच. आता ताटलीपाशी जाते, हुंगते आणि मागे फिरते. पाणी थोडं पिते. तोंड मिटून श्वास घेते, धाप नाही.

आज शनिवार. चार दिवस पाऊस उघडलेला नाही, वीज येऊन-जाऊन. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर सोमवारी भेटतील, नाहीतर चिपळूण, म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर. अंग गरम लागतंय, तर क्रोसिनची पाव गोळी चालेल का? ओवा आणि निलगिरी घालून वाफ देऊ का? किती थांबणं बरोबर? शिवाय मागच्या पडवीत दुसरी मांजर व्यालेली आहे, पिल्लं महिन्याची. त्यांना लागेल का?


सोनचाफा

पाव गोळी नको. कणभरही नको. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल निकामी करून बाहेर टाकायला यकृतात जे एन्झाइम लागतं ते मांजरात अगदीच कमी असतं. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीने मोठं मांजर मरू शकतं. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. घरात कुणी आधीच दिली असेल तर आत्ता निघा. त्यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच कामाचा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, सर्दीच्या मिश्र गोळ्या, खोकल्याची सिरप, नाक मोकळं करणारे माणसांचे ड्रॉप्स, यातलं काहीही देऊ नका. आणि अंग गरम लागतं म्हणजे ताप असं नाही. मांजराचं नेहमीचं तापमानच ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस (१००.५ ते १०२.५ फॅरनहाइट) असतं, त्यामुळे निरोगी मांजरही आपल्या हाताला गरमच लागतं.

निलगिरी, कापूर, व्हिक्स, बाम, ओव्याची धुरी हेही नको. ही तेलं केसांवर बसतात, मांजर अंग चाटतं आणि सगळं पोटात जातं. वाफ द्याच, पण साध्या पाण्याची.

तुमच्या मांजरीच्या बाबतीत सर्दीपेक्षा मोठी काळजी न खाण्याची आहे. मांजर वासावर जेवतं. नाक चोंदलं की समोरचं अन्न त्याला अन्न वाटतच नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि यकृत बिघडतं. जाड मांजरात हे जास्त लवकर होतं, पण बारीक मांजरालाही सूट नाही. म्हणून आज क्रम असा ठेवा: आधी नाक मोकळं करायचं, लगेच खायला द्यायचं.

वाफेसाठी न्हाणीघर सगळ्यात बरं. पाणी न्हाणीतल्या चुलीवरच तापत असेल तर आधी धूर पूर्ण जाऊ द्या, नाहीतर वाफेबरोबर धूरही नाकात जाईल आणि शिंका वाढतील. उकळतं पाणी दोन बादल्यांत ओता आणि दार-खिडकी लावून घ्या. मांजरीला जाळीच्या पेटीत किंवा झाकणाच्या टोपलीत ठेवून तुम्हीही शेजारी बसा. बादली तिच्यापासून दोन हात लांब. १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन वेळा. डोक्यावर टॉवेल टाकून पातेल्यावर धरण्याचा प्रकार मांजराला अजिबात करू नका. ते उसळतं, आणि भाजतं एकाला तरी. घरात नेब्युलायझर असेल तर त्यात फक्त ३ मिली सलाइन घालून त्याचं तोंड पेटीच्या जाळीशी धरा. वर अर्धाच टॉवेल टाका, हवा खेळती राहिली पाहिजे. दम्याचं औषध त्यात घालायचं नाही.

सलाइन मेडिकलमध्ये मिळतं, ०.९ टक्क्यांचं. दुकान बंद असेल तर अर्धा लिटर पाणी पाच मिनिटं उकळा आणि त्यात साधं बारीक मीठ सपाट चमचाभराला थोडं कमी, म्हणजे साडेचार ग्रॅम घाला. खडे मीठ चमच्याने मोजू नका, माप चुकतं. पाणी कोमट झालं की वापरा, दुसऱ्या दिवशी नवं करा. वाफ झाली की मऊ सुती फडकं त्यात भिजवून नाकावर मिनिटभर नुसतं टेकवून ठेवा. खपली आपोआप सुटते. नखाने काढली तर खालची कातडी सोलते, मग ती पुढच्या वेळी हातच लावू देत नाही. नंतर एकेका नाकपुडीत एकच थेंब. ती शिंकेल, तेच हवं आहे. ओली झालेली कातडी कोरडी करून नाकाखाली खोबरेल तेलाचं अगदी पुसट बोट फिरवा. नाकपुडीत तेल जाऊ देऊ नका.

आता खाणं. मुडदुशी आजाऱ्याला हलकी म्हणून आपण देतो, पण तिला वास फारसा नसतो आणि या मांजरीला आत्ता वासच हवा आहे. बांगडा घ्या. फक्त पाण्यात उकडा. मीठ, कोकम, तिरफळ काही नको, आणि कांदा-लसूण तर मुळीच नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. काटे बोटांनी चाचपून काढा, कुस्करा, उकडलेलं पाणी दोन चमचे घाला. कोमट द्या, म्हणजे मनगटावर थेंब टाकला तर ना गार ना गरम. वीज नसेल तर वाटी गरम पाण्याच्या ताटात पाच मिनिटं ठेवा. कच्चा मासा देऊ नका. सुकट किंवा जवळा खारा असतो, तो दोन पाण्यांतून काढून उकडला तरी वर चिमूटभर पेरण्यापुरताच ठीक. दूध नको, बऱ्याच मोठ्या मांजरांना त्याने जुलाब होतात.

ताटली पंधरा मिनिटांत उचला. समोर तासन्‌तास पडलेलं अन्न आजारी मांजराला नकोसं होतं.


तांबडी माती

वरचं सगळं बरोबर. डोळ्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मला तुमच्या वर्णनात तेच जास्त खटकलं.

डोळा नुसता चिकटणं वेगळं आणि अर्धवट मिटून ठेवणं वेगळं. मिटून ठेवते म्हणजे दुखतोय. मांजरांच्या सर्दीमागे बहुतेक वेळा दोनपैकी एक विषाणू असतो, हर्पीस किंवा कॅलिसी. हर्पीसने शिंका आणि डोळे जास्त, आणि बुबुळावर जखमही होते. कॅलिसीने तोंडात, विशेषतः जिभेवर फोड येतात, लाळ गळते, कधी मांजर एक-दोन दिवस लंगडतंसुद्धा. दोन्ही एकत्रही असू शकतात. लहान पिल्लांत क्लॅमिडिया या जिवाणूने मुख्यतः डोळे सुजतात, तो वेगळा विषय.

म्हणून घरातले डोळ्यांचे जुने ड्रॉप्स घालू नका. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे, आणि बुबुळावर जखम असताना स्टेरॉइड पडलं तर डोळा जाऊ शकतो. कोमट सलाइनने भिजवा, नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला एकदाच पुसा, फडकं टाका. दुसऱ्या डोळ्याला दुसरं. सुटा कापूस वापरला तर तंतू डोळ्यात राहतात. खिडकीपाशी नेऊन बुबुळ आडव्या उजेडात बघा. धुरकट, निळसर-पांढरं किंवा खड्डा पडल्यासारखं दिसलं तर सोमवारची वाट बघू नका.

तोंडही बघा. वरचा ओठ अंगठ्याने उचलला की हिरड्या दिसतात, जीभ बघायला ती जांभई देते तेव्हाची वेळ साधा. जबडा ओढून उघडू नका.

पिवळा शेंबूड दिसला की अँटिबायोटिक सुरू करायची घाई होते. विषाणूवर त्याचा उपयोग नाही. खाऊन-पिऊन खेळणारं मांजर नुसतं शिंकत असेल तर दहा दिवस वाट बघायला हरकत नसते, पण तुमची मांजरी खात नाही, म्हणून तिला डॉक्टरांनी बघायलाच हवं. घरात उरलेली माणसांची अ‍ॅमॉक्सिसिलिन आपल्या अंदाजाने देऊ नका. लायसिनची पावडर पूर्वी सर्रास सांगायचे, आता सांगत नाहीत, कारण तिचा फायदा दिसून आलेला नाही. पैसे त्यात घालू नका.


खाडीकाठ

गोळी दिलेली नाही. दोनदा वाफ झाली, खपल्या सुटल्या, शिंकताना बराच शेंबूड पडला. जिभेच्या कडेला लाल चट्टा दिसला, मसुराच्या दाण्याएवढा. लाळ थोडी आहे. बुबुळ स्वच्छ वाटतंय. कोमट बांगड्याकडे यावेळी वळली, पाणी चाटलं, पण मासा तोंडात घेऊन टाकला. सुईशिवायची ५ मिलीची सिरिंज आणली आहे. भरवायचं कसं आणि किती?


सोनचाफा

तोंडात घेऊन टाकला म्हणजे भूक परत आली आहे आणि तोंड दुखतंय. ही चांगली बातमी आहे. यावर दुखणं कमी करणारं मांजरांचं औषध डॉक्टरांकडे असतं, तेवढ्यासाठीसुद्धा जाणं सार्थकी लागेल. तोवर चावायला लागू नये असं द्या.

हिशोब असा. ३.२ किलोच्या मांजरीला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण १७० कॅलरी लागतात. साल आणि हाडं काढलेलं उकडलेलं चिकन १०० ग्रॅम घेतलं की जवळजवळ तेवढ्या भरतात. त्यात उकडलेलंच ७० मिली पाणी घालून मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत करा आणि चहाच्या गाळणीतून दाबून काढा. गाळलं नाही तर धागे सिरिंजच्या तोंडाशी अडकतात, आपण जोर लावतो आणि एकदम चमचाभर घशात जातं. वास येण्यासाठी बांगड्याचं पाणी वापरलं तरी चालेल. वीज गेली तर पाट्यावर बारीक वाटा, फक्त पाट्याला मसाल्याचा अंश राहू देऊ नका.

हे सगळं आजच्या आज घालायचं नाही. उपाशी पोटाला आज तिसरा हिस्सा, उद्या दोन तृतीयांश, परवा पूर्ण. म्हणजे आज साधारण ५५ मिली, चार-पाच वेळा वाटून. एका वेळी १० ते १२ मिली. उरलेलं झाकून थंड ठेवा. फ्रिज बंद पडला असेल तर चार तासांनी टाकून द्या, या हवेत ते टिकत नाही.

भरवताना तिला टॉवेलमध्ये गुंडाळा, पुढचे पाय आत. पोटाशी धरा, तिचं तोंड तुमच्या उलट दिशेला. डोकं सरळ ठेवा, वर करू नका. सिरिंज समोरून नाही, गालाच्या बाजूने, सुळ्याच्या मागच्या फटीत. अर्धा ते एक मिली सोडा आणि थांबा. ती गिळते ते गळ्याखाली बोट ठेवलं की कळतं. गिळल्यावरच पुढचा घोट. खोकली तर लगेच डोकं खाली करू द्या आणि दहा मिनिटं सोडून द्या. अन्न फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि तो सर्दीपेक्षा कितीतरी वाईट. डोकं मागे टाकून ओतणं, हीच चूक सगळ्यात जास्त होते. ती ओठ चाटायला लागली, लाळ वाढली, तोंड फिरवलं तर थांबा. जबरदस्ती केली तर बरी झाल्यावरही त्या अन्नाला तोंड लावणार नाही.

पाण्याचं सगळं मिळून दिवसाला १६० मिलीच्या आसपास व्हायला हवं, अन्नातलं धरून. पेजेची निवळ, बिनमिठाची, दोन-तीन चमचे चालते. हिरड्यांवर बोट फिरवून बघा. बुळबुळीत असतील तर ठीक, चिकट कोरड्या असतील आणि मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसत असेल तर पाणी कमी पडलंय. ते सिरिंजने भरून निघत नाही, सलाइन लावावं लागतं.

थांबायचं किती? शेवटचं नीट खाणं काल सकाळचं. उद्या सकाळपर्यंत स्वतःहून काही खाल्लं नाही आणि सिरिंजनेही पोटात जात नसेल तर चिपळूण गाठा. तोंड उघडून श्वास, किंवा झोपेत छातीची हालचाल मिनिटाला ४० च्या वर (३० सेकंद मोजून दुप्पट करा, एरवी ३० पर्यंत असते), हिरड्या फिक्या किंवा निळसर, उभी राहताना झोक जाणं, ताप १०४ फॅरनहाइट, यातलं एकही दिसलं तर रात्रही थांबायचं नाही.


बंदरवाट

एक शंका काढून टाकण्यापुरतं लिहितो. शेंबूड दोन्ही नाकपुड्यांतून आहे ना? एकाच बाजूने असेल, सुरुवात एकदम धडाधड शिंकांनी झाली असेल, पंजाने नाक ओरबाडत असेल किंवा रक्ताचा अंश असेल तर सर्दीपेक्षा नाकात काहीतरी अडकल्याचा संशय घ्यावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास गवत वाळलं की कुसळं जातात, एरवी गवताचं पातं किंवा टाळूच्या मागे माशाचा काटा. चिमटा घालून काढू नका, भूल देऊनच निघतं. आणि शिंकांऐवजी मान पुढे ताणून, जमिनीशी दबून खोकत असेल तर तो दमा असू शकतो. चुलीचा धूर, डासांची कॉइल, धूप यांनी तो उसळतो. सर्दी असतानाही त्या खोलीत कॉइल लावू नका.


खाडीकाठ

दोन्ही नाकपुड्यांतून आहे, रक्त नाही. रात्री ४८ मिली गेलं, उलटी नाही. झोपेत श्वास २६. पिल्लांचं कुणी सांगाल का? फरशी रोज फिनाईलने पुसतो, तेवढं पुरेल ना?


तांबडी माती

फिनाईल आजपासून बंद करा. फिनाईल आणि डेटॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. पंजाला लागतात, चाटली जातात. शिवाय कॅलिसी विषाणू साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही, कोरड्या जागी महिनाभरही टिकतो. हर्पीस ओलसर जागीही साधारण १८ तासांत संपतो. दोघांवर चालतं ते साधं ब्लीच: एक लिटर पाण्यात ३० मिली. आधी साबणाने घाण धुवा, मग हे पाणी दहा मिनिटं राहू द्या, मग स्वच्छ पाण्याने पुसून वाळल्यावरच मांजरीला सोडा. अ‍ॅसिड किंवा दुसऱ्या कुठल्याही क्लीनरबरोबर मिसळू नका, विषारी वायू होतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ब्लीचचा उपयोग नाही, म्हणून आजारी मांजरीला फरशीच्या खोलीत ठेवा. ताटल्या स्टीलच्या. अंथरूण म्हणून जुनी लुगडी बरी, रोज बदलता येतात. पावसात वाळत नसतील तर इस्त्री फिरवा. ओलं किंवा कुबट अंथरूण नको.

महिन्याच्या पिल्लांना लागू शकतं, आणि त्यांना जड जातं. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण साधारण सहाव्या ते नवव्या आठवड्यात ओसरतं, आणि आईलाच लस नसेल तर मुळात कितपत असेल ते सांगता येत नाही. आईला तिथून हलवू नका. आजारी मांजरीचीच खोली वेगळी करा. शिंकेचे थेंब चार-पाच फूट जातात, पण जास्त करून हे पसरतं ते आपल्या हातांनी, कपड्यांनी आणि ताटल्यांनी. आधी पडवीतलं सगळं काम आटपा, आजारी मांजरीकडे शेवटी जा, मग हात साबणाने धुवा आणि सदरा बदला. पिल्लांना रोज एकाच वेळी किचनच्या काट्यावर तोला. दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास वाढ हवी. एक दिवस वाढ नाही किंवा डोळा चिकटला तर त्याच दिवशी डॉक्टर. एवढ्या लहान पिल्लांच्या बाबतीत मी बारा तासही उपाशी थांबणार नाही.

लस सर्दी पूर्ण टाळत नाही, पण ती जिवावर येऊ देत नाही. पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांची होईपर्यंत द्यायची. आजारी मांजरीला बरी झाल्यावर.

आणि हर्पीस असेल तर तो अंगात कायमचा राहतो, ताण आला की डोकं वर काढतो. गणपतीला घराला रंग, मुंबईहून आलेली माणसं, फटाके, धूप असं सगळं एकदम येतं आणि साधारण आठवडाभराने शिंका सुरू होतात. त्या दिवसांत तिला मागची एक खोली, तिचं नेहमीचं अंथरूण आणि ताटली द्या, पाहुण्यांच्या मुलांना तिथे जाऊ देऊ नका.


खाडीकाठ

आज सकाळी बशीतलं गाळलेलं चिकन स्वतःहून चाटलं, अंदाजे तीन चमचे. डोळा अजून पूर्ण उघडत नाही. उद्या तालुक्याला नेतो. नेताना काय सांभाळू?


सोनचाफा

छान. निघायच्या दोन तास आधी खायला देऊ नका, वळणावळणाच्या रस्त्यात उलटी होते आणि नाक चोंदलेलं असताना ती श्वासात जायची भीती. पेटीत तिचंच वापरलेलं फडकं घाला, वर सुती कापड टाका, प्लास्टिक नको. दुचाकीवर नेणार असाल तर पेटी दोघांच्या मध्ये, पाऊस समोरून लागणार नाही अशी. कागदावर चार गोष्टी लिहून न्या: शेवटचं नीट खाणं कधी, सिरिंजने किती मिली गेलं, झोपेतला श्वास, वजन. वजनासाठी तिला घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकट्याने, आणि वजा करा. तीन किलोच्या खाली गेलं असेल तर आवर्जून सांगा. डोळ्यात रंग टाकून बुबुळाची जखम बघता येते, ते करता येईल का विचारा. तिथे ती सोय नसेल तर त्याच पावली चिपळूणला जा.

डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन (अँटिबायोटिक) दिली तर गोळी कोरडी गिळवू नका. ती अन्ननलिकेत अडकून आतून जखम करते आणि पुढे नळी आकसते. गोळीमागोमाग ५ मिली पाणी वर सांगितल्यासारखं गालातून, घोट घोट, किंवा लगेच चमचाभर पातळ चिकन.